चवलीचा अर्धा पैसा

॥ ॐ नमः शिवाय ॥

मी, अमरनाथ गुंडप्पा मेनकुदळे, वय ४९ वर्षे, धंदा किराणा दुकान व शेती, राहणार लिंबागणेश, तालुका व जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला बसवून लिहायला लावलेले नाही, कोणाचा राग मनात धरूनही लिहीत नाही. एक-दोन राग आहेत, ते पुढे जागच्या जागी येतील. येत्या गुरुवारी छत्रपती संभाजीनगरला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी "शंभरात पंच्याण्णव बरे होतात" असे सांगितले. मी दुकानदार आहे. उरलेल्या पाचांचे काय, हा प्रश्न मला आधी पडतो. म्हणून हा कागद.

माझ्या पश्चात पत्नी सौ. बबिता, मुलगा हरिओम (पुण्यात नोकरीस) आणि मुलगी धनश्री (बीडला बी.एस्सी. शिकते) एवढे वारस आहेत. या कागदाची अंमलबजावणी बबिताने करावी. तिला हिशेब माझ्यापेक्षा बरा येतो, हे मी लग्नाच्या चोवीस वर्षांत तिला तोंडावर कधी म्हटले नाही. येथे लिहून देतो.

एक सूचना सुरुवातीलाच. या मृत्युपत्रात मी हिस्से आण्यांत लिहिले आहेत. वकीलसाहेबांनी टक्क्यांत लिहा म्हणून सांगितले होते. मी ऐकले नाही, त्याचे कारण कलम ५ मध्ये आहे. मुलांना आणे ठाऊक नसतील म्हणून सांगतो: रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे अख्ख्या रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. दोन आण्यांची चवली, चारची पावली, आठची अधेली. न मोडलेला तो बंदा. आमच्या आजोबांच्या वेळी निजामाचा हाली सिक्का होता, सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. दोन्ही रुपयांची किंमत वेगळी, पण पोटातले आणे सोळाच.

कलम १. गावातील राहते घर पत्नी बबिता हिला बंदे द्यावे. त्याची मोड करू नये. खोल्या वाटता येतात, पण एक देवघर आणि एक न्हाणीघर यांचे दोन होत नाहीत. तिच्यानंतर मुलांनी आपसांत ठरवावे. ठरले नाही तर विकून पैसे घ्यावेत. मध्ये भिंत मात्र घालू नये.

कलम २. बँकेतील व पोस्टातील जी काही शिल्लक असेल ती: बबिताला अधेली, हरिओमला पावली, धनश्रीला पावली. पैशांत सांगायचे तर पन्नास, पंचवीस, पंचवीस. हे हिस्से मी मुद्दाम असे धरले आहेत की ते आण्यांतून पैशांत नेताना काही सांडत नाही. सगळ्या हिश्श्यांचे तसे होत नाही.

कलम ३. दुकान बबिताने चालवावे, हरिओमने फोनवरून शिकवू नये. गल्ल्यावरचे ते बोलणारे यंत्र त्याने लावले, ते राहू द्यावे. पहिल्यांदा मला त्याचा राग आला होता. गणपतीला आलेला भाविक नारळ घेतो, फोन दाखवतो, आणि आपण तोंड उघडायच्या आत यंत्रच "प्राप्त झाले" म्हणते. पण एक गोष्ट पाहिली. सुट्टे नाहीत म्हणून आम्ही वर्षानुवर्षे लोकांच्या हातावर गोळ्या ठेवल्या. आता बारा रुपये पन्नास पैसे नेमके बारा रुपये पन्नास पैसेच येतात. हातातून गेलेला पैसा तारेतून परत आला. नुसता दिसत नाही एवढेच. देवाचेही असेच असेल, असे मला दुपारच्या वेळी गिऱ्हाईक नसताना वाटते.

बरणीतली जुनी नाणी धनश्रीला. चौकोनी पाच पैसे, कंगोऱ्यांचे दहा, षट्‌कोनी वीस, आणि सरकारने २०११ साली बंद केलेली पावली. यातले काही विकून श्रीमंत होता येत नाही, मी बीडला विचारून आलो आहे. जिचे चलन गेले तिचे नाव तरी कोणाला यावे, म्हणून तिला. बरणीत पाच पैशांचे एक नाणे कमी आहे. तेही कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. माझा अंत्यविधी आपल्या रीतीप्रमाणे करावा: बसवून, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर माझे इष्टलिंग. जंगमांना दक्षिणा द्यावी, पण बाहेरगावच्या लोकांच्या जेवणावळी घालू नयेत. हातावर दुसरे काही ठेवू नये. इष्टलिंग एक असते, त्याचे आणे-पै होत नाहीत, हे जन्मभर गळ्यात बांधून हिंडलो. आता त्याच्यासोबत बसायला मिळेल.

कलम ५. विहीर.

हे कलम मोठे आहे. वाचणाऱ्याने मधून उठू नये.

आमचे आजोबा शिवलिंगप्पा यांची सोळा एकर जमीन व तीत एक विहीर होती. त्यांना तीन अपत्ये: थोरले माझे वडील गुंडप्पा, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, धाकटे काका महालिंग, आणि मुलगी गंगासागर, म्हणजे माझी आत्या. आत्या अठराव्या वर्षी विधवा होऊन, तान्ही लेक विजयमाला कडेवर घेऊन माहेरी आली. आजोबा दुकानात बसत तेव्हा त्यांना दिसायचे कमी झाले होते. तोंडी हिशेब आत्या करी. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी तिला पाठ. पाव, अर्धा आणि दीड यांचे ते पाढे आता शाळेतून गेले.

१९५९ साली आजोबांनी वाटणी केली. थोरल्याला सात आणे, धाकट्याला सात आणे, लेकीला चवली. जमीन सोपी होती. आणा म्हणजे एकर. सात, सात आणि दोन एकर, साखळीने मोजून दिली. विहिरीचे पाणी त्यांनी वेगळे मांडले. नवे ऑइल इंजिन आले होते, रात्रंदिवस चालवता येई. त्यांनी आठ दिवसांचा फेरा ठरवला. आठ दिवसांचे तास होतात एकशे ब्याण्णव. रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव. "एक पै, एक तास," असे ते म्हणाले. सात आणे म्हणजे साडेतीन दिवस, चवली म्हणजे पूर्ण एक दिवस एक रात्र. त्यांना दिसत नव्हते, पण हे त्यांनी किती स्वच्छ पाहिले होते!

कागद करायला तिन्ही भावंडे बीडला गेली. आजोबा घरीच होते. त्या वेळी नवे पैसे येऊन दोन वर्षे झाली होती. कागद लिहिणारा म्हणाला, आता आणे चालत नाहीत, पैशांत लिहू. आप्पांच्या खिशात सरकारी तक्ता होता. दुकानात लावायला मिळालेला, आण्याचे किती नवे पैसे ते सांगणारा. एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. त्यात पाहून कागदावर आले: सात आणे चव्वेचाळीस पैसे, सात आणे चव्वेचाळीस पैसे, दोन आणे बारा पैसे. बेरीज शंभर. कागद लिहिणाऱ्याने खाली रेघ ओढली.

आत्या म्हणाली, "दोन आण्याचे साडेबारा होतात."

कागद लिहिणारा हसला. "बाई, अर्धा पैसा आता टांकसाळीत पण पडत न्हाई. तुम्हाला कुठून आणून द्यू?"

"नाण्याचं न्हाई म्हणत मी. पाण्याचं म्हणते."

"शंभर भरले का न्हाई? मग?" असे आप्पा म्हणाले. आत्याला लिहिता येत होते. दुकानातल्या पाटीवर शिकली होती, तिचे अक्षर आप्पांपेक्षा वळणदार. तिने सहीसाठी टाक मागितला. कागद लिहिणाऱ्याने तिचा डावा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. त्या कागदावर आजही तिच्या नावापुढे "निशाणी डावा अंगठा" असेच आहे.

आजोबा त्याच वर्षी गेले. बेरीज बरोबर आली की माणूस चूक शोधायचे थांबवतो. घरात तेच झाले. अर्धा पैसा ऐकायला काहीच वाटत नाही. पण एकशे ब्याण्णव तासांतला अर्धा पैसा म्हणजे दोन मिनिटे कमी एक तास. आत्याची पाळी सकाळी सातला सुरू होई. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सातला संपायची, ती सहाला संपू लागली. तिच्या मागून आमची पाळी, आमच्या मागून काकांची. त्या तासातला अर्धा आमच्याकडे आला, अर्धा काकांकडे. आत्याच्या दोन एकरांत शेवटचे चार वाफे असत, त्यांना पाणी पोचायच्या आत बारे, म्हणजे पाण्याची पाळी, बंद होई. मिरची तिथे कायम खुरटी. गाव म्हणे, तिथली जमीनच हलकी आहे.

काकांनी बीडची गोष्ट गावात सांगितली आणि आत्याचे नाव पडले: "अर्धा पैसा". बायका नळावर म्हणत, पोरे रस्त्यात म्हणत. आत्या दरवर्षी नागपंचमीला भावाला ओवाळायला येई आणि ताट खाली ठेवता ठेवता विचारी, "गुंडप्पा, माझ्या अर्ध्या पैशाचं काय केलं रे?" आप्पा हसत. सव्वीस वर्षे हे असे चालले.

१९८५ च्या नागपंचमीला मी नऊ वर्षांचा होतो आणि दुकानात आप्पांशेजारी बसलो होतो. आत्या पायरीवर आली. मी मोठ्याने म्हणालो, "आप्पा, अर्धा पैसा आला." गिऱ्हाइके हसली. आप्पांनाही चेव आला. त्यांनी गल्ल्यातून चौकोनी पाच पैसे काढले आणि तिच्या हातावर ठेवले.

"घे गंगे. दहापट देतो. व्याज पण आलं, मुद्दल पण आलं. आता तरी गप बस."

आत्याने नाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती मला रोज संध्याकाळी निमकी शिकवायची. एक निम्मे अर्धा, दोन निम्मे एक, तीन निम्मे दीड. तिने ते नाणे तराजूच्या पारड्यात ठेवले आणि ओवाळणीचे ताट उचलून निघून गेली. अल्युमिनियमचे नाणे. पारडे हललेसुद्धा नाही. ते नाणे मी उचलले आणि त्याची लिमलेटची गोळी खाल्ली. धनश्री, बरणीतले कमी नाणे ते.

त्याच महिन्यात आत्या विजयमालाताईच्या घरी, बीडजवळ धरणाकाठच्या पालीला राहायला गेली. तिची शेती काका बटईने करू लागले. आप्पा वारले तेव्हा ती आली, पदर तोंडाला लावून भावासाठी रडली, पाणीसुद्धा न पिता गेली. गेली चाळीस वर्षे मी तिला सणाला नारळ पाठवत आलो. नारळ पाठवणे सोपे असते.

तीन वर्षांपूर्वी आत्याने आपली दोन एकर नातीच्या, म्हणजे विजयमालाताईच्या रुचिकाच्या नावे करून दिली. रुचिकाने सीताफळ लावले. पाळी जुन्याच कागदाने चालू. इंजिन जाऊन मोटारी आल्या, विजेचे वेळापत्रक सरकारचे, पण फेरा आठ दिवसांचाच. गेल्या उन्हाळ्यात ती दुकानात आली.

"अमरमामा, एक विचारू का? रागावू नका. आमचं पाणी सहालाच कावून बंद होतं?"

"कागदात तसंच आहे बेटा."

"मग आज्जी तर म्हणती चवली म्हंजे पूर्ण दिवस. दिवस काय तेवीस तासाचा असतोय का?"

ती तेल घेऊन गेली. मी साखरेच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने मांडले. एकशे ब्याण्णवचा सोळावा भाग बारा, त्याची दुप्पट चोवीस. मग एकशे ब्याण्णवचे शंभरातले बारा. तेवीस आणि वर थोडे. चार ओळी झाल्या. सहासष्ट वर्षांचे भांडण होते आणि मला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. आप्पांना येत नव्हते असे नाही. त्यांनी मांडले नाही. मीही चाळीस वर्षे मांडले नव्हते, आणि आप्पांच्या पश्चात सकाळी सहाला जाऊन बटण दाबणारा हात माझाच होता.

मी चुलतभाऊ सिदू, म्हणजे महालिंगकाकांचा मुलगा, याच्याकडे पिशवी घेऊन गेलो. तो म्हशींना पेंड टाकत होता.

"अर्धा तास तुझ्याकडं आहे, अर्धा माझ्याकडं. दोघं सोडू," मी म्हणालो.

"येडा झाला का बे? कागदावर बारा पैसे हायेत. सरकारच्या तक्त्यात बारा हायेत. सरकार खोटं का?"

"सरकारनं तक्ता खुर्द्यासाठी केलता सिदू. विहिरीसाठी न्हाई."

"मग जा सरकारकडं. संध्याकाळी साडेसहाला माझी पाळी लागती, साडेसहाला मी बटण दाबतो. ह्या अर्ध्या पैशाच्या म्हातारीनं माझ्या बापाला शेवटपर्यंत चोर ठरवलं, न्हाई ठरवलं का? आता मी पाणी सोडलं तर बाप चोर होता म्हणून मीच सही केल्यासारखं होतंय."

त्याचे हे शेवटचे बोलणे मला खोटे वाटले नाही. सिदूशी माझे तेव्हापासून बोलणे नाही, हा त्यांतला एक राग. त्याच वेळी हेही लिहिले पाहिजे की श्रावणात माझ्या छातीत कळ आली तेव्हा आपली जीप काढून, न बोलता, मला बीडला दवाखान्यात नेणारा सिदूच होता. परत येतानाही बोलला नाही.

मग मी पालीला गेलो. आत्या आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी पायांवर डोके ठेवले आणि म्हणालो, "आत्या, तुझा अर्धा पैसा सापडला."

ती शेंगा फोडतच राहिली. "कुठं सापडला?"

"आमच्या वावरात. सकाळी सहा ते सात."

"हूं. मला ठावं होतं कुठं हाय ते. तुला कावून लागले रे एवढे दिवस? निमकी शिकवलती की तुला."

मी तिच्याजवळ ओट्यावर बसलो. तिने मूठभर शेंगा माझ्यापुढे सारल्या. "खा. लिमलेट न्हाई माझ्याकडं."

म्हणजे तिला तेही माहीत होते. मी रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही. मग मी सांगितले की ऑपरेशनच्या आधी मी मृत्युपत्र करतो आहे, त्यात तो तास तुझ्या नावे लिहितो. नाहीतर माझ्या मागे हरिओम शेत कोणालातरी बटईने देईल, तो माणूस जुना कागद पाहील आणि पुन्हा सहाला बटण दाबील.

"माझ्या नावानं काय करायचं रे पाण्याचं? मी आता धरणाच्या काठाला राहते. पाणी रुचिकाच्या झाडाला दे. मला लई न्हाई पाहिजे. माझं खरं होतं, एवढं लिही. आण्यात लिही, पैशात लिहू नको. पैशात लिहिलं की सांडतंय. आन खाली माझी सही घे. अंगठा न्हाई देणार मी."

बीडच्या वकीलसाहेबांना विचारले. ते म्हणाले, ज्याला या कागदाने काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही न करणे बरे. उद्या कोणी शंका काढील. मी तिथूनच आत्याला फोन लावला आणि सांगितले की एक तर पाणी तुझ्या नावे, नाहीतर सही.

"सांगितलं न्हाई का तुला? मला काईच देऊ नको, म्हंजे मला सही करता येईल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. वकीलसाहेबांनी ते ऐकून साक्षीदाराच्या जागी तिचे नाव लिहून घेतले. मग म्हणाले, अशी साक्षीदार मला या कोर्टात अजून भेटली नाही.

म्हणून मी असे लिहून ठेवतो की:

(अ) १९५९ च्या वाटणीत माझी आत्या गंगासागर हिचा विहिरीतील हिस्सा दोन आणे, म्हणजे चोवीस पै, म्हणजे चोवीस तास होता. कागदावर तो बारा पैसे असा लिहिला गेला. ती चूक होती. चूक तिने त्याच जागी, त्याच क्षणी दाखवली होती. तिचे म्हणणे सोळा आणे खरे होते. आम्ही तिला हसलो. त्यात मी होतो.

(ब) तिच्या कमी पडलेल्या एका तासातला अर्धा माझ्या हिश्शात व अर्धा सिदूच्या हिश्शात आहे. दुसऱ्याच्या हिश्शातले देण्याचा मला अधिकार नाही. म्हणून तो पूर्ण तास मी माझ्यातून देतो. यापुढे विहिरीचे पाणी असे: रुचिकाच्या जमिनीला दोन आणे. सिदूकडे, आज तो घेतो त्याप्रमाणे, सात आणे अर्धी पै. माझ्या वारसांकडे सहा आणे साडेअकरा पै. माझ्या जमिनीची पाळी सकाळी सातला सुरू होईल, सहाला नव्हे. गेल्या तीन फेऱ्यांपासून मी तसे सुरूही केले आहे. पहिल्या फेऱ्याला रुचिकाचा फोन आला होता. "मामा, शेवटच्या ओळीला पाणी आलं," एवढेच म्हणाली, आणि मागे पाण्याचा आवाज मला ऐकवत राहिली.

(क) माझ्या जमिनीचे सात एकर हरिओम व धनश्री यांना निम्मे निम्मे. जो कोणी ती कसेल किंवा विकत घेईल त्याला (अ) आणि (ब) आधी वाचून दाखवावे. दोन आण्यांचे रूपांतर कोणी, कोणत्याही कारणाने, पैशांत किंवा टक्क्यांत करू नये. करायचेच झाले तर साडेबारा लिहावे, आणि "साडे" शब्द मोठ्या अक्षरात लिहावा.

कलम ६. दुकानातील भिंतीवर काचेत लावलेला तो सरकारी तक्ता सिदूला द्यावा. टोमणा म्हणून देत नाही. त्याच्या बापाला चोर म्हणणारा कागद आमच्या घरात नाही. आहे तो हा तक्ता, आणि तो कोणाला चोर म्हणत नाही, फक्त अर्धे सोडून देतो. काकांनी चोरले नाही, आप्पांनीही नाही. दोघांनी सोडून दिलेले आपल्याकडे राहू दिले. सिदूने तो शांतपणे वाचावा. ज्या दिवशी तो संध्याकाळी साडेसहाऐवजी सातला बटण दाबील त्या दिवसापासून माझ्या मुलांनी आपली पाळी तो अर्धा तास पुढे चालवावी. तोवर मागू नये, त्यावरून बोलणे सोडू नये, आणि त्याची जीप लागली तर निःसंकोच मागावी.

कलम ७. पितळी तराजू आत्याला द्यावा असे मनात होते. पण तिला काही दिले तर तिची सही जाते. म्हणून तराजू दुकानातच राहील, आणि ती कधी दुकानात आली तर त्याच्या शेजारी तिला बसायला खुर्ची द्यावी.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. ऑपरेशनमधून परत आलो तरी कलम ५ बदलणार नाही. बाकीचे बदलले तर बबिताला विचारून बदलीन.

वरील मजकूर मी आत्यासमोर वाचून दाखवणार होतो. तिने कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचला. (ब) पाशी थांबून बोटांच्या पेरांवर काही मोजले. मग टाक मागितला. पेन दिले, ते तिने चालवून घेतले.

ठिकाण: लिंबागणेश, ता. व जि. बीड
दिनांक: सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

लिहून ठेवणार:
(सही) अमरनाथ गुंडप्पा मेनकुदळे

साक्षीदार: लिहून ठेवणाऱ्याने आमच्या दोघांच्या समोर सही केली व आम्ही त्याच्या समोर केल्या.

१. (सही) बंकट सुग्रीव नरवटे, वय ५२, धंदा मेंढपाळ, रा. लिंबागणेश

२. (सही) गंगासागर शिवलिंगप्पा मेनकुदळे, वय ८५, रा. पाली
स्वतः वाचले. सहा आणे साडेअकरा पै, सात आणे अर्धी पै, दोन आणे. सोळा भरले.